घबराहट म्हणजे भीती नव्हे : वॉर्डात पहिल्यांदा औषध देणाऱ्यांसाठी

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची ड्यूटी, बायकांचा मेडिकल वॉर्ड. खरगोनकडच्या एका मावशींना जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन अर्धा तास होऊन गेला होता आणि जेवणाची गाडी अजून लिफ्टपाशीच अडकलेली. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, घबराहट हो री है." मी इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरात वाढलेली. घाबरणं म्हणजे भिणं, एवढंच माझ्या कानाला ठाऊक. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "घबराओ मत, कुछ नहीं होगा." हात घामानं चिंब होता. तो घाम माझ्या तळव्याला लागला, पण डोक्यात शिरला नाही. मागून इन्चार्ज सिस्टर आल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांनी मावशींच्या बोटाला टोचलं. शुगर ५२. साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तोवर जेवण आलं आणि निभावलं. नंतर औषधांच्या खोलीत मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मध्य प्रदेशातल्या माळव्यात आणि निमाडात 'घबराहट' या एका शब्दात धडधड, कासाविशी, मळमळ, छातीत कसंतरी होणं, शुगर उतरणं हे सगळं मावतं. भीती त्यात असलीच तर सर्वांत शेवटी. इंदूरच्या मराठी घरांतून नर्सिंगला येणाऱ्या मुलामुलींची ही अडचण पुस्तकात सापडत नाही. आपली केस शीट इंग्रजीत, पेशंट हिंदीत किंवा माळवीत, आणि डोक्यातला हिशेब मराठीत. एक डोस पेशंटच्या पोटात जाईपर्यंत तीन भाषा ओलांडतो आणि प्रत्येक ओलांडणीवर घसरायला जागा असते. म्हणून पुढच्या पायऱ्या डोसच्या प्रवासाच्या क्रमानं लिहिल्या आहेत. विद्यार्थी असेपर्यंत यातलं काहीही इन्चार्ज किंवा ट्यूटरच्या नजरेआड करायचं नाही, हे गृहीत धरून वाचा.

औषध हातात घेण्याआधी

फार्माकोलॉजीचं जाड पुस्तक बघून छाती दडपते. वॉर्डात उभं राहताना मात्र प्रत्येक औषधाला चारच प्रश्न विचारा : हे कशासाठी दिलंय, शरीरात कुठून शिरतं, त्याला मोडतं कोण आणि बाहेर पडतं कुठून, आणि किती वेळ टिकतं.

शिरण्याच्या वाटेवरून बरंच काही कळतं. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा काही भाग रक्तात पोचण्याआधीच मोडला जातो. छातीत दुखल्यावरची नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात ती याचसाठी. तिथून ती यकृताला चुकवून थेट रक्तात जाते. पेशंटनं ती पाण्याबरोबर गिळून टाकली तर तुम्ही "दिली" असं लिहाल आणि छातीतलं दुखणं तसंच राहील. पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून वेष्टण दिलेल्या गोळ्या, आणि हळूहळू सुटणाऱ्या, ज्यांच्या नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असतं त्या, कधीही कुटून नळीतून घालायच्या नाहीत. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. नाकातून नळी असेल तर डॉक्टरांना दुसरा प्रकार लिहून द्यायला सांगा.

बाहेर पडायच्या वाटेवर सहसा मूत्रपिंड असतं. अमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स मूत्रपिंडावाटेच जातात आणि जास्त झाले तर मूत्रपिंडाला आणि कानालाच इजा करतात. म्हणून अमिकासिन लावण्याआधी लघवी किती झाली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) किती आहे ते बघायचं. हे बघणं फक्त डॉक्टरांचं काम आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

टिकण्याचं माप म्हणजे अर्ध-आयुष्य : रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलचं दोन-तीन तास, हृदयासाठीच्या डिगॉक्सिनचं साधारण दीड दिवस. एखादं औषध शरीरातून जवळजवळ संपायला अशी चार-पाच अर्ध-आयुष्यं लागतात. डिगॉक्सिन आज थांबवलं तरी परवासुद्धा ते काम करतच असतं. ते देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर डोस देऊ नका, थांबा आणि डॉक्टरांना कळवा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची सवय इथे नको, कारण ठोके अनियमित असलेल्यांनाच बहुतेक वेळा हे औषध लिहिलेलं असतं.

ऑर्डर वाचताना

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तर, स्टॅट म्हणजे आत्ता. हे आठवडाभरात पाठ होतं. पुढच्या गोष्टी होत नाहीत.

दशांशचिन्ह. कुणी '५.०' लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की ते ५० होतं. कुणी शून्य न लिहिता '.५' लिहिलं आणि टिंब हरवलं की ५ होतं. दोन्हीकडे दहापट. तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा '५' आणि '०.५' असंच लिहा. युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं, म्हणून पूर्ण शब्द लिहा. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये हजाराचा फरक असतो. थायरॉइडची गोळी (थायरॉक्सिन) मायक्रोग्रॅममध्येच असते, ५० मिलिग्रॅम कुणी देत नाही.

मराठी पेशंटांच्या घरून येणाऱ्या वहीतून तर आणखी एक भानगड होते. आजोबा देवनागरी आकडे लिहितात. त्यांचा '१' इंग्रजीतल्या नऊसारखा दिसतो आणि घाईत लिहिलेला '५' चारासारखा. 'इन्सुलिन १०' ही नोंद हिंदी-इंग्रजी शिकलेल्या इंटर्नला ९० वाटू शकते. अशी वही आली की आकडा अक्षरात विचारून घ्या आणि शीटवर पुन्हा लिहून घ्या. मराठी येणारी तुमच्याशिवाय तिथे बहुधा दुसरी कुणी नसते.

सारख्या दिसणाऱ्या, सारख्या ऐकू येणाऱ्या नावांची यादी प्रत्येक वॉर्डानं लावावी. डोपामिन आणि डोब्युटामिन. सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रियाक्सोन. हायड्रॅलॅझिन रक्तदाब उतरवतं, हायड्रॉक्सिझिन खाज कमी करतं. फोनवर तोंडी ऑर्डर मिळाली तर लगेच लिहा, वाचून दाखवा, समोरून 'हो' आल्याशिवाय हलू नका. आणि आकडा सुटा करून विचारा : "वन-फाइव्ह की फाइव्ह-झिरो?" फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर जुळे भाऊ असतात. विद्यार्थ्यांनी तोंडी ऑर्डर घ्यायचीच नाही. फोन सिस्टरकडे द्यायचा.

अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. "बहुतेक हेच असेल" हे वाक्य मनात आलं की पाय आपोआप ड्यूटी डॉक्टरांच्या खोलीकडे वळले पाहिजेत. डॉक्टर वैतागतील. वैतागू द्या.

हिशेब कागदावर

डोक्यात करू नका. तुमचं गणित चांगलं असेल, तरीही.

सूत्र एकच : हवा असलेला डोस भागिले हातातला डोस, गुणिले हातातल्या औषधाचे एमएल. १२ किलोच्या मुलाला ताप आहे, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे १८० मिलिग्रॅम. आता कपाटात बघा. एका बाटलीवर ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीवर ५ एमएलमध्ये २५०, आणि तिसरी बाटली थेंबांची, तिच्यात एका एमएलमध्येच १००. पहिलीतून ७.२ एमएल, दुसरीतून ३.६, तिसरीतून १.८. तिन्ही बाटल्यांवर मुलाचं हसरं चित्र असतं. "साढ़े तीन एमएल पिला दो" असं आईला सांगून तुम्ही निघालात आणि घरी तिच्याकडे थेंबांची बाटली असली, तर मूल जवळजवळ दुप्पट पॅरासिटामॉल पिणार, तेही दिवसातून चार वेळा. एमएल सांगताना बाटली हातात धरून सांगा. चमचा म्हणू नका. घरातला चमचा कुणाचा केवढा असतो ते देवच जाणे. झाकणाबरोबर येणारं माप किंवा सिरिंज दाखवा.

इन्सुलिनवर जरा थांबूया, कारण आपल्याकडे यात खास गोंधळ आहे. भारतात कुपीतलं इन्सुलिन एका एमएलमध्ये ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजाही दोन : लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. कुपी आणि सिरिंज जुळली पाहिजे. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अर्धा एमएल आला, म्हणजे ५० युनिट. उलट ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर फक्त ८ युनिट. पहिल्या चुकीत पेशंट बेशुद्ध पडतो, दुसरीत शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत राहतात. दवा बाजारातून नातेवाईक धावत जाऊन सिरिंज आणतात तेव्हा दुकानदारानं जी हातात दिली ती आणतात, त्यांना रंगाचं कसं कळणार? टोपीचा रंग आणि कुपीवरचा आकडा तुम्हीच बघायचा. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजनं ओढून काढायचं नाही. साधं (स्वच्छ दिसणारं) आणि धुरकट, दोन्ही एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर आधी स्वच्छ, मग धुरकट. शिरेतून धुरकट कधीच नाही.

सलाइनचे थेंब : एकूण एमएल गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर (एका एमएलमध्ये किती थेंब), भागिले मिनिटं. ५०० एमएल चार तासांत, २० थेंबांचा सेट, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेट १५ चा आहे की २० चा ते पाकिटावर छापलेलं असतं. मायक्रो सेट ६० चा, त्यात तासाचे एमएल आणि मिनिटाचे थेंब सारखेच येतात, हिशेब वाचतो. लावून झाल्यावर बाटलीवर वेळेची पट्टी चिकटवा. अटेंडर लोक, म्हणजे पेशंटचे नातेवाईक, "जल्दी खतम हो जाए" म्हणून चाक सैल करून ठेवतात. हे वाचून हसू आलं असेल तर तुम्ही अजून रात्रपाळी केलेली नाही.

ट्रॉलीपाशी

लेबल तीनदा वाचायचं : कपाटातून काढताना, भरताना, आणि रिकामी कुपी टाकण्याआधी. औषध, ताकद, एक्स्पायरी. भरलेल्या सिरिंजला लगेच नाव लावा. बिननावाची सिरिंज सापडली तर ती फेकून द्यायची, त्यात काय असेल यावर चर्चा नको. दुसऱ्यानं भरलेलं औषध आपण द्यायचं नाही आणि आपण भरलेलं दुसऱ्याच्या हाती सोपवायचं नाही. मैत्रीण कितीही जिवाची असो.

पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल वेगळी ठेवा. १० एमएलची, पारदर्शक, हुबेहूब पाण्याच्या किंवा सलाइनच्या अँप्यूलसारखी. तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि ते थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. नेहमी पातळ करून, बाटली नीट उलटसुलट हलवून, हळू. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या ५ एमएलच्या कुप्याही दोन ताकदीच्या येतात, एका एमएलला १,००० आणि ५,००० युनिट. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन, मॉर्फिनसारखी औषधं आणि कॅन्सरची केमो, यांच्यासाठी दुसऱ्या नर्सनं स्वतंत्र हिशेब करून पडताळायचं. "ये देखो, दस यूनिट भरा है ना?" असं विचारणं म्हणजे पडताळणी नव्हे. तिला शीट द्या, सिरिंज द्या आणि गप्प उभ्या राहा.

सेफ्ट्रियाक्सोन रिंगर लॅक्टेटच्या सलाइनमध्ये कधी मिसळू नका. त्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साका बनतो.

खाटेपाशी

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. परीक्षेत हे पाच मुद्दे लिहून मार्क मिळतात. खाटेपाशी पहिलाच मुद्दा अवघड जातो.

"आप शांताबाई हैं ना?" असं विचारलं की गुंगीतली, ऐकू कमी येणारी किंवा नुसती भिडस्त बाई "हाँ" म्हणते. "आपका नाम क्या है?" असं विचारा आणि उत्तर हातातल्या पट्टीवरच्या नोंदणी क्रमांकाशी जुळवा. खाटेचा नंबर ओळख नव्हे, खाटा रात्रीत बदलतात. झाबुआ-बडवानीकडून आलेल्या पेशंटचं कागदावरचं नाव आणि घरातलं नाव वेगळं असतं. नातेवाईक "गुड्डू की माँ" म्हणतात, कागदावर भलतंच काही. ती गाठ पहिल्याच दिवशी सोडवून शीटवर लिहून ठेवा. मग ॲलर्जी विचारा, आणि 'ॲलर्जी' हा शब्द न वापरता विचारा : "कभी किसी गोली या सुई से दाने निकले, मुँह सूजा, साँस फूली?"

आता भाषेच्या घसरणी. मराठीत 'आधी' म्हणजे अगोदर, हिंदीत 'आधी' म्हणजे अर्धी. "जेवणाआधी गोळी घ्या" असं तुम्ही आजींना मराठीत सांगता, शेजारी उभा असलेला नातू हिंदी शाळेत शिकलेला. तो घरी जाऊन रोज अर्धी गोळी तोडून देतो. ही कल्पना नाही, आमच्या शेजारच्या घरात रक्तदाबाच्या गोळीचं असंच महिनाभर चाललं होतं. मराठीत 'जेवणापूर्वी' म्हणा, हिंदीत 'खाने से पहले', आणि अर्धी असेल तर गोळी तोडून दाखवा. 'खाली पेट' म्हणजे उपाशीपोटी, पोटाच्या खाली नव्हे. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं 'खाली पेट' इंजेक्शन म्हणजे बेंबीखाली टोचायचं असा अर्थ घेतला होता. 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. पेशंट म्हणतो "कल वाली गोली", तेव्हा वार विचारा. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच असतं आणि रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं, म्हणून ते 'हफ्ते में एक' असं सांगून सोडू नका. "सिर्फ़ सोमवार को" असं सांगा आणि वार पाकिटावर लिहा.

शेवटी त्यांच्याकडून उलट म्हणवून घ्या : "अब आप बताओ, कब और कितनी लोगे?" चूक असेल तर इथेच बाहेर येते.

वेळेबद्दल इंदूरपुरतं एक सांगते. सकाळी सातला वॉर्डात पोहे-जलेबीची पुडकी उघडलेली असतात. थायरॉइडची गोळी त्याच्या निदान अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर गेली पाहिजे, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. लोह चहाबरोबर घेतलं तर अंगी लागत नाही. आणि इन्सुलिन टोचण्याआधी ताट कुठपर्यंत आलंय ते डोळ्यांनी बघा. मला हे कसं कळलं ते वर सांगितलंच.

पेशंट नाही म्हणाला तर जबरदस्ती नको. कारण विचारा, कळवा, नोंदवा.

सुई कुठे, किती तिरकी

स्नायूत ९० अंश, त्वचेखाली ४५ ते ९०, त्वचेच्या आत १० ते १५. दंडात साधारण एक एमएलच. लहान बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ढुंगणावर मागून टोचताना सायटिक नर्व्हला धोका असतो, त्यामुळे कुल्ह्याच्या बाजूची जागा शिकून घ्या. हे वाचून येत नाही, ट्यूटरसमोर करूनच येतं.

दिल्यानंतर

इंजेक्शन देऊन लगेच पाठ फिरवू नका, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसला तर मुळीच नाही. अंगावर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, घरघर, रक्तदाब कोसळणं दिसलं तर औषध बंद, मोठ्यानं हाक, पेशंट आडवा, पाय वर, शिरेतली लाइन चालू ठेवा. श्वास लागलेला असेल तर बसू द्या. मोठ्या माणसाला एकास हजारचं ॲड्रेनालिन अर्धा एमएल मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते तुमच्या वॉर्डात कुठल्या खणात आहे, हे पहिल्या दिवशी बघून ठेवा. मॉर्फिनसारखं औषध देण्याआधी आणि नंतर श्वास मोजा. मिनिटाला १२ च्या खाली असतील तर देऊ नका, सांगा.

शीटवर सही करायची ती औषध पोटात किंवा शिरेत गेल्यावर, आधी नाही.

चूक झाली तर क्रम हा : आधी पेशंट बघा, नाडी, रक्तदाब, श्वास, शुगर. मग इन्चार्ज आणि डॉक्टरांना ताबडतोब सांगा, काय दिलं, किती, केव्हा. मग जे घडलं ते लिहा, तर्क नकोत. ओरडा बसेल, पण लपवलेल्या चुकीला उतारा देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम सुरू केली. तिचं घोषवाक्य तीन शब्दांचं होतं : जाणा, तपासा, विचारा. आपल्या मुली पहिल्या दोन शब्दांत हुशार असतात आणि तिसऱ्यापाशी लाजतात.

औषधानं विचित्र त्रास झालाय अशी नुसती शंका आली तरी ती कळवता येते, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गाझियाबादचं भारतीय फार्माकोपिया आयोग तो चालवतं. फोन फुकट, १८००-१८०-३०२४. पेशंटनं स्वतः भरायचा फॉर्म हिंदीत आणि मराठीतही आहे.

आणि नर्सेस नोट्समध्ये पेशंटची तक्रार भाषांतर करून लिहू नका. त्याचाच शब्द अवतरणचिन्हात घाला, पुढे तुम्ही काय मोजलं ते लिहा. त्या दिवशी इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडून लिहून घेतलेली ओळ अशी होती : "घबराहट". अंग घामानं ओलं, नाडी ११२, शुगर ५२, वेळ ७.४०.